फॉर्मॅलिनमधली गाठ : सूक्ष्मजीवशास्त्राचे अध्यापन आणि परीक्षा

वैद्यकीय परीक्षेचा विषय निघाला की आपल्या मंडळातील प्रत्येक सभासदाजवळ एखादी तरी आठवण असते. कोणाला परीक्षकाने दारातूनच परत पाठवलेले असते, तर कोणाला शेवटच्या मिनिटाला सूक्ष्मदर्शकाखाली हवे ते दिसलेले असते. माझ्याजवळही एक आठवण आहे. परंतु ती परीक्षार्थीची नसून परीक्षकाची आहे. या लेखाचा विषय तिच्यातूनच निघालेला असल्यामुळे प्रथम ती सांगतो.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मानेत गाठ आलेली एक तरुण स्त्री शल्यचिकित्सा विभागात दाखल झाली होती. क्षयाची शंका होती. गाठ काढण्यात आली. कामावर असलेल्या इंटर्नने ती सबंध गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकली, एक चिठ्ठी विकृतिशास्त्र विभागाच्या नावे आणि दुसरी आमच्या नावे लिहिली, आणि बाटली पाठवून दिली. विकृतिशास्त्राचा अहवाल व्यवस्थित आला. पेशीजालात क्षयाची लक्षणे होती. आमच्याकडे मात्र करण्यासारखे काहीच उरले नव्हते. फॉर्मॅलिनने पेशी टिकतात, जंतू मरतात. मेलेला जंतू वाढवता येत नाही आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो हेही त्याला विचारता येत नाही. नेहमीची औषधे सुरू झाली. काही महिन्यांनी ती पुन्हा आली तेव्हा गाठी वाढल्या होत्या आणि जुन्या जखमेतून पू वाहत होता. मानेवर दुसऱ्यांदा चीर द्यावी लागली. या वेळी नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये आला आणि जंतू रिफॅम्पिसिनला दाद देत नसल्याचे निष्पन्न झाले. मधले महिने वाया गेले होते. तिच्या घरात दोन लहान मुले होती.

त्या इंटर्नला मी ओळखत होतो. तीन वर्षांपूर्वी त्याने माझ्यासमोरच सूक्ष्मजीवशास्त्राची तोंडी परीक्षा दिली होती आणि त्या दिवसातील सर्वाधिक गुण मी त्यालाच दिले होते. मी त्याला क्षयजंतू वाढवण्याच्या लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमाची घटकद्रव्ये विचारली होती. अंडी, ग्लिसरॉल, अ‍ॅस्परॅजिन, क्षार, मॅलेकाइट ग्रीन अशी सगळी यादी त्याने धडाधड म्हटली, आणि मॅलेकाइट ग्रीन इतर जंतूंना रोखण्यासाठी घालतात हेही न विचारता सांगितले. ज्या जंतूचा आहार त्याला तोंडपाठ होता, तोच जंतू त्याने स्वतःच्या हाताने बाटलीत मारला होता.

त्याला बोलावून रागावणे सोपे होते; रागावलोही. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले आणि मग हळूच म्हणाला, “सर, हे आम्हांला कधी कोणी विचारलं नाही.” शिकवलं नाही, असे तो म्हणाला नाही. शिकवले होतेच, नमुने कसे घ्यावेत यावर माझे स्वतंत्र व्याख्यान असे. त्या रात्री मी जुन्या प्रश्नपत्रिका काढून बसलो. घटसर्पाचे प्रयोगशाळेतील निदान, टायफॉइडचे प्रयोगशाळेतील निदान, अतिसंवेदनशीलतेचे प्रकार, ऑटोक्लेव्हवर टीप, पूरक प्रथिनांवर टीप. नमुना कशात, किती, केव्हा आणि कोणत्या बाटलीत पाठवावा, या एवढ्यावरच गुण अवलंबून आहेत असा एकही प्रश्न सापडला नाही. निदानावरील दीर्घोत्तरी प्रश्नात त्याचा एक परिच्छेद अपेक्षित असे, पण तो गाळला तरी विद्यार्थी सुखाने उत्तीर्ण होत असे. आणि त्यातल्या काही प्रश्नपत्रिका मीच काढलेल्या होत्या.

व्याख्यानात आपण काय सांगतो यावरून विद्यार्थी विषयाचे महत्त्व ठरवत नाही, परीक्षेत काय येते यावरून ठरवतो. यात त्याचा दोष नाही. वेळ थोडा, विषय अफाट. तेव्हा अभ्यासक्रम कागदावर कसाही असो, वर्गात खरा अभ्यासक्रम परीक्षकच ठरवत असतो. पुढची काही वर्षे मी आमच्या विभागाची परीक्षा या दृष्टीने तपासून पाहिली. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो.

ठेवलेल्या वस्तू आणि पाठ झालेली टेबले

आपल्यापैकी ज्येष्ठांना ‘स्पॉटर’ नक्कीच आठवत असतील. टेबलांची रांग, प्रत्येकावर एक वस्तू, घंटा वाजली की पुढे सरकायचे. मॅकिन्टॉश-फिल्ड्सची बरणी, रॉबर्टसनचे शिजवलेल्या मांसाचे माध्यम, व्हीडीआरएलची काचपट्टी, हायडॅटिड पुटी, बाटलीतला जंत. मी विद्यार्थी असताना पाहिलेला जंत प्राध्यापक म्हणून निवृत्त होईपर्यंत त्याच बरणीत होता. फक्त तो थोडा पिवळा पडला होता आणि मी बराच. मांसाचे माध्यम मुले आतल्या मांसावरून ओळखत नसत, बाटलीच्या आकारावरून ओळखत. कोणत्या टेबलावर काय असते याची यादी वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे निष्ठेने हस्तांतरित होत असे.

अशा परीक्षेत वस्तूचे नाव कळते की नाही एवढेच कळते. रॉबर्टसनचे माध्यम ओळखणाऱ्या मुलाला, शेतात नांगराचा फाळ लागून पाय चिरलेल्या माणसाच्या जखमेतला पू साध्या कापसाच्या बोळ्यावर घेऊन दुसऱ्या दिवशी पाठवला तर ते माध्यम काहीच कामाचे नाही, हे ठाऊक आहे का, ते कळत नाही. प्राणवायू सहन न होणारा जंतू बोळ्यावरच मेलेला असतो. स्पॉटर मी सरसकट टाकाऊ ठरवत नाही. प्रत्येक वस्तूखाली दोन ओळींचा रुग्ण आणि एक प्रश्न लिहिला तर तीच वस्तू बोलू लागते. पण जुनी बरणी उचलून जागेवर ठेवणे सोपे, दोन ओळी दरवर्षी नव्याने लिहिणे कष्टाचे.

काहीच न दिसणे

ग्रॅम स्टेनबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते या विषयाची सगळी परीक्षा त्या एका काचपट्टीत घेता येते.

डॅनिश वैद्य हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. ते तेव्हा बर्लिनमध्ये फ्रीडलँडर यांच्याबरोबर न्यूमोनियाने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांवर काम करत होते, आणि मांसपेशींच्या गर्दीत जंतू वेगळे दिसावेत एवढाच त्यांचा हेतू होता. जंतूंची दोन गटांत विभागणी करण्याचे त्यांच्या मनातही नव्हते. आपली पद्धत सदोष आणि अपुरी असल्याची कबुलीही त्यांनी त्याच निबंधात दिली आहे. म्हणजे या रंगाचा जन्म रुग्णाच्या फुप्फुसातला. आपण मात्र तो परीक्षेत आणताना रुग्णाला बाहेर ठेवले.

आमच्याकडे परीक्षेची काचपट्टी कशी बनत असे ते सांगतो. तंत्रज्ञ सकाळी स्टॅफिलोकॉकसची एक वसाहत आणि ई. कोलायची एक वसाहत सलाइनमध्ये कालवून शंभर काचपट्ट्यांवर पसरत असे. उत्तर ठरलेले: घोसातील जांभळे गोल जंतू आणि गुलाबी दंडाकार जंतू. कित्येक मुले आधी उत्तर लिहीत, मग रंग देत आणि शेवटी सूक्ष्मदर्शकात डोकावत. एके वर्षी आम्ही हे बदलले. तंत्रज्ञाने स्थिर करून ठेवलेल्या, रुग्णाच्या खऱ्या नमुन्यांच्या काचपट्ट्या, नाव-गाव काढून टाकून, एका ओळीच्या माहितीसह दिल्या. त्यांपैकी काही काचपट्ट्यांवर पूपेशी भरपूर होत्या, पण जंतू एकही नव्हता. रुग्णालयात असे रोज होते. रुग्णाने आधीच प्रतिजैविक घेतलेले असते, किंवा जंतू ग्रॅमच्या रंगाने न दिसणारा असतो.

त्या काचपट्ट्या मिळालेल्या बहुतेक मुलांनी जंतू पाहिले. कोणी घोसात पाहिले, कोणी साखळीत, एका मुलीने तर चित्र काढून त्यात रंगही भरले. “जंतू आढळले नाहीत, पूपेशी मात्र पुष्कळ आहेत, पूर्वी औषध घेतले होते का ते विचारावे” असे लिहिण्याचे धैर्य फार थोड्यांना झाले. मुले खोटे बोलत नव्हती. परीक्षेत दिलेल्या काचपट्टीवर काहीतरी असतेच, असे आम्ही त्यांना इतकी वर्षे शिकवले होते. हीच मुले पुढे डॉक्टर होतात, आणि प्रत्येक तापात त्यांना एक जंतू दिसतो व प्रत्येक जंतूसाठी एक प्रतिजैविक सुचते, याचे मग नवल वाटत नाही.

दुसऱ्या फेरीत आम्ही थुंकीची काचपट्टी दिली. लो पॉवरखाली एका दृश्यक्षेत्रात तोंडातल्या सपाट पेशी दहापेक्षा जास्त दिसल्या तर तो नमुना छातीतला नसून तोंडातला, आणि कल्चरसाठी नाकारावा, हा नियम सर्वांना पाठ होता. तरीही सर्वांनी थेट ऑइल इमर्शन लावून जंतू मोजायला सुरुवात केली. लो पॉवरने पाहण्याला गुण नव्हते. पुढच्या वर्षीपासून आम्ही ‘हा नमुना स्वीकाराल काय?’ हाच पहिला प्रश्न ठेवला आणि त्याला निम्मे गुण दिले. तीन महिन्यांत वर्गातली सवय बदलली. व्याख्यानांनी जे दहा वर्षांत झाले नव्हते ते गुणपत्रिकेतल्या एका रकान्याने झाले, हे कबूल करताना अध्यापक म्हणून थोडा संकोच वाटतो.

नवा अभ्यासक्रम

१९९७ च्या नियमावलीनुसार सूक्ष्मजीवशास्त्राला दीड वर्षाच्या दुसऱ्या टप्प्यात २५० तास होते. ऑगस्ट २०१९ पासून प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. टप्पा एक वर्षाचा झाला आणि तास १९० झाले. त्यांपैकी व्याख्याने केवळ ७० आणि लहान गटांतील काम ११० तास. विषयाची मांडणीही बदलली. पूर्वी एकेक जंतू घेऊन त्याचे घराणे, आकार, माध्यमे, विकार असा क्रम असे. आता श्वसनमार्ग, आतडी, मज्जासंस्था अशा संस्थांच्या क्रमाने रोग येतात आणि त्यांच्यामागून जंतू. ग्रॅम स्टेन, आम्लरोधी जंतूंचा रंग आणि शौचाची सूक्ष्मदर्शकीय तपासणी ही कौशल्ये प्रत्येकाने स्वतः करून दाखवली पाहिजेत, अशी अट आली.

तासांची कपात मला खटकते. मांडणी मनापासून पटते. मात्र कागदावरचा बदल परीक्षेत उतरला तरच तो खरा. कौशल्याच्या नोंदवहीत तारखा वेगवेगळ्या, पण सह्या एकाच पेनाने, एकाच संध्याकाळी झालेल्या मी पाहिल्या आहेत. सह्या करणारे अध्यापक आळशी नव्हते. दीडशे मुले आणि मोजके हात, असा तो हिशेब होता. त्यात २०२० मध्ये कोरोनामुळे महाविद्यालये बंद झाली आणि प्रात्यक्षिके मोबाइलच्या पडद्यावर गेली. एका विषाणूने जग थांबवले असताना सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांनी स्वाब हातात न धरता तो विषय शिकावा, हा योग विचित्रच म्हणायचा.

बेळगावच्या बोलीतला बेडका

रचनाबद्ध वस्तुनिष्ठ प्रात्यक्षिक परीक्षा, म्हणजे ओएसपीई, ही कल्पना नवी नाही. डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये चिकित्सेसाठी तिचा मूळ प्रकार मांडला, आणि दिल्लीच्या एम्समधील शरीरक्रियाशास्त्राच्या अध्यापकांनी १९८६ मध्ये प्रयोगशाळेसाठीचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. प्रत्येक विद्यार्थी तीच थांब्यांची मालिका पार करतो, प्रत्येकाला तेच काम, आणि परीक्षकाच्या हाती आधीच ठरलेली तपासयादी. परीक्षकाचा मूड, विद्यार्थ्याचे आडनाव आणि दुपारचे जेवण यांचा गुणांवरील प्रभाव बराच कमी होतो.

आमच्या थांब्यांपैकी मला सर्वांत आवडलेला थांबा अगदी साधा होता. समोर खुर्चीवर रुग्ण. ही भूमिका आमच्या विभागातले एक जुने शिपाई मामा करत. काम एवढेच: उद्या सकाळी थुंकीचा नमुना कसा द्यायचा ते या माणसाला समजावून सांगा. पुस्तकात पारंगत असलेली मुले येथे अडखळत. “मॉर्निंग स्प्यूटम आणा” म्हणून मोकळे होत. मामाही बिलंदर, सांगितलेले कळले नाही तर ते डबीत सरळ थुंकून दाखवत. एका कन्नडभाषक मुलीने मात्र आधी मामांना कोणती भाषा येते ते विचारले, मग मोडक्या मराठीत आणि नीटस कन्नडमध्ये सांगितले की सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या, खोकून छातीतला बेडका काढा, “उगुळु बेड, कफ बेकु.” थुंकी नको, कफ हवा. मामांनी मान डोलावली. लो पॉवरखालच्या सपाट पेशींचा प्रश्न तिने प्रयोगशाळेत येण्याआधीच सोडवला होता. बेळगावसारख्या गावात ज्याला दोन्ही भाषांत बेडका मागता येत नाही, त्याचे क्षयाचे निदान निम्मे अडलेलेच असते.

या परीक्षेचे दोष सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. तपासयादी आली की मुले तिचा नाच बसवतात. हात धुण्याच्या थांब्यावर सहाही कृती बिनचूक. बोटांची टोके, अंगठा, मनगट, सगळे. तोच मुलगा अर्ध्या तासाने वॉर्डात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे हात न धुता जाताना दिसतो. हात कसे धुवावेत हे त्याला येते; केव्हा धुवावेत हे त्याच्या अंगी आलेले नसते. ते वॉर्डातच, नकळत पाहून तपासावे लागते, आणि ते पाहणाऱ्या वरिष्ठांनी आपले हात धुतलेले असावे लागतात.

लेखी परीक्षेतला एक शेतकरी

लेखी प्रश्नाबाबत एकच उदाहरण देतो. मेलिऑइडोसिस हा रोग पूर्वी आम्ही पाच मिनिटांत उरकत असू. रंगून येथे व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले, जंतू मातीत व पाण्यात राहतो, मधुमेही माणसाला विशेष धरतो, एवढे सांगून पुढे जात असू. प्रश्नही तसाच: ‘मेलिऑइडोसिसवर टीप लिहा.’ परंतु कर्नाटकाच्या किनारपट्टीवर हा रोग आता चांगलाच परिचित आहे, आणि घाटाखालचे रुग्ण आपल्याकडे येतातच. आम्ही पुढे प्रश्न असा घातला:

‘पावसाळ्यात भातलावणी करणाऱ्या पन्नास वर्षांच्या मधुमेही शेतकऱ्याला तीन आठवड्यांपासून ताप आहे, यकृतात आणि प्लीहेत गळवे आहेत. पुवाचा अहवाल: स्यूडोमोनास वर्गातील जंतू, जेंटामायसिन व कोलिस्टिन यांना दाद नाही, अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटला दाद आहे. या अहवालात तुम्हांला काही खटकते काय? प्रयोगशाळेला काय विचाराल?’

नेहमीचा स्यूडोमोनास अ‍ॅरुजिनोसा कोलिस्टिनला सहसा दाद देतो आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटला देत नाही. येथे नेमके उलटे आहे. ज्याला हे खटकेल तो प्रयोगशाळेला फोन करील, आणि रुग्णाला सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दोन आठवडे व त्यानंतर तीन महिने को-ट्रायमॉक्साझोल मिळेल. ज्याला खटकणार नाही तो पाच दिवसांचे काहीतरी देऊन घरी पाठवील, आणि असा रुग्ण सहसा पुन्हा चालत येत नाही. टीप लिहिणारे दोघेही सारखेच गुण मिळवतात. या प्रश्नात मात्र ते वेगळे होतात. उत्तर चार ओळींचे असल्याने तपासायलाही सोपे. अवघड असतो तो प्रश्न काढणे, कारण त्यासाठी परीक्षकाला आधी स्वतःच्या प्रयोगशाळेतले अहवाल वाचावे लागतात.

आपल्या मंडळातील व्यवसायी सभासदांना येथे एक विनंती करावीशी वाटते. तुमच्या कपाटांत असे चकवलेले, उशिरा उलगडलेले, कधी न उलगडलेले अहवाल पडून असतील. रुग्णाची ओळख काढून ते जवळच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे दिलेत, तर प्रश्न काढणाऱ्यांना त्याहून मोलाचे काही मिळणार नाही.

तोंडी परीक्षा मी शेवटपर्यंत सोडली नाही. तिच्यात लहरीपणाला वाव असतो, हे मान्य. म्हणून प्रश्नांच्या चिठ्ठ्या आधी लिहून ठेवत असे आणि मुलाने स्वतः एक उचलावी. पण पहिला प्रश्न सर्वांना एकच. टेबलावर दोन बाटल्या ठेवलेल्या असत, एकीत फॉर्मॅलिन आणि दुसरीत निर्जंतुक सलाइन, दोन्हींवर तशी नावे लिहिलेली. चिमट्यात मेणाची एक लहान गोळी. “ही मानेतली गाठ आहे. कोणत्या बाटलीत टाकाल?”

कोणी सलाइन म्हणत, कोणी फॉर्मॅलिन. घाईने दिलेल्या दोन्ही उत्तरांना मी निम्मेच गुण देत असे. माझ्या निवृत्तीच्या वर्षी एका मुलाने चिमटा हातात घेतला, गोळीकडे पाहिले, आणि विचारले, “सर, हिचे दोन तुकडे केले तर चालतील का?”

त्याला मी पुढची चिठ्ठी उचलायला सांगितली नाही.